त्वचेचा कर्करोग आणि सुगंधी तेले : साहाय्य कोठवर?

गेल्या काही वर्षांत बुधवार पेठेतील आमच्या चिकित्सालयात एक प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला आहे. रुग्णाचा मुलगा किंवा सून काचेची लहानशी बाटली पुढे ठेवते आणि विचारते, "डॉक्टर, हे तेल लावले तर चालेल ना? कॅन्सरवर उपयोगी पडते म्हणतात." बाटलीत कधी टी ट्रीचे तेल असते, कधी चंदनाचे, कधी कुंदुरूचे. हाच प्रश्न पेठेतील औषधालय चालकांनाही विचारला जातो, आणि गिऱ्हाईक परत पाठवायचे नाही म्हणून बाटली दिलीही जाते. या तेलांविषयी आज नेमके काय ज्ञात आहे, त्यांचा उपयोग कोठे करता येतो आणि कोठे करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभी आमचाच एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. मंडईत भाजी विकणाऱ्या, नित्य नऊवारी नेसणाऱ्या एक वयस्कर रुग्णा कमरेवरील व्रण घेऊन आमच्याकडे आल्या. लुगड्याची गाठ जेथे बसते तेथील त्वचा अनेक वर्षांपासून काळपट व जाड झालेली होती व तिच्यावर रुपयाएवढा व्रण होता. आम्ही दुष्टव्रण समजून त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन व जात्यादि तैलाचा पिचू अशी योजना केली. महिनाभरात व्रण वरून भरल्यासारखा दिसू लागला. रुग्णा समाधान पावल्या, आम्हीही पावलो. पुढे दोन-अडीच महिने त्या आल्या नाहीत. घरच्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून टी ट्रीचे तेल आणून लावण्यास आरंभ केला होता. पुन्हा आल्या तेव्हा व्रणाच्या कडा उंच व कठीण झालेल्या होत्या आणि वंक्षणात ग्रंथी हाताला लागत होती. तुकडा तपासणीत शल्कपेशी कर्करोगाचे निदान झाले. मोठी शस्त्रक्रिया, वंक्षणातील ग्रंथी काढणे आणि किरणोपचार हे सर्व त्यांना सोसावे लागले. आज त्या घरी आहेत, परंतु मंडईत बसणे सुटले ते सुटलेच. पहिल्याच भेटीत तुकडा तपासणीस पाठविला असता, तर कदाचित लहान शस्त्रक्रियेवर भागले असते. ही चूक तेलाच्या बाटलीची नव्हे, आधी आमची होती.

हा व्याधी आपल्या परिचयाचा आहे

त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा व्याधी, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. आपल्याकडे त्याचे प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा पुष्कळच कमी आहे हे खरे. परंतु महाराष्ट्रात तो नवीन नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या नित्याच्या सवयींतून उद्भवणारे कर्करोगाचे तीन भारतीय प्रकार त्यात वर्णन केलेले आहेत. चुट्टा ओढणाऱ्यांचा टाळूचा कर्करोग व खैनी ठेवणाऱ्यांचा ओठाचा कर्करोग हे त्यांपैकी दोन. तिसरा प्रकार कमरेला घट्ट धोतर बांधणाऱ्यांच्या त्वचेचा होता. पुढे साडी व परकराचा नाडा यांमुळे स्त्रियांत होणाऱ्या अशाच कर्करोगाची वर्णनेही प्रसिद्ध झाली.

२०२४ साली वर्धा येथील वैद्यकांनी ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात याच स्वरूपाच्या दोन वृद्ध रुग्णांचा वृत्तान्त दिला. त्यांपैकी एक रुग्णा सुमारे चाळीस वर्षे परकराविना लुगडे कमरेस घट्ट नेसत होत्या, आणि निदानाच्या वेळी कर्करोग वंक्षणातील ग्रंथीपर्यंत पोहोचलेला होता. जुना व्रण, भाजल्याचा वण किंवा सतत घासली जाणारी त्वचा यांवर उद्भवणाऱ्या या कर्करोगास आधुनिक वैद्यक मार्जोलिन व्रण म्हणते. घर्षण, घाम व उष्णता यांमुळे त्वचेचा वर्ण पालटतो, ती जाड होते, तिच्यावर पापुद्रे येतात, पुढे चीर पडते व व्रण होतो. ही अवस्था वर्षानुवर्षे चालते. म्हणजेच हा रुग्ण कर्करोगतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी अनेक वर्षे आपल्याच दारात येत असतो, कधी कंडूसाठी, कधी दद्रूसाठी, तर कधी न भरणाऱ्या व्रणासाठी.

तैल आणि उडनशील तेल

येथे एक भेद स्पष्ट करणे इष्ट आहे. आपले जात्यादि तैल किंवा निंब तैल हे स्नेहकल्पनेतील तैल होय. त्यात तिळाचे वा अन्य बीजाचे स्थिर तेल आधार असते आणि कल्क, स्नेह व द्रव यांचे सामान्य प्रमाण एकास चार व चारास सोळा असे असते. याउलट बाजारातील सुगंधी तेल हे वनस्पतीतील उडून जाणारे अंश ऊर्ध्वपातनाने वेगळे काढून मिळते. नीलगिरीतील सिनिओल, लवंगेतील युजेनॉल, गवती चहातील सिट्राल व चंदनातील सँटलॉल ही अशा अंशांची उदाहरणे. दोन्हींना आपण तेल म्हणतो. परंतु एकाची मात्रा व गुण दुसऱ्यास लावता येत नाहीत. स्नेहकल्पनेतील तैल व्रणावर भरपूर लावता येते, उडनशील तेल मात्र अत्यंत तीक्ष्ण असते. ते न विरळ करता व्रणावर घालणे म्हणजे क्षारकर्म जाणत नसताना क्षार वापरण्यासारखेच आहे.

प्रयोगशाळेत काय दिसले?

या तेलांविषयीचा उत्साह निराधार नाही. २००४ साली इटलीतील संशोधकांनी टी ट्री तेल व त्यातील टर्पिनेन-४-ऑल हा प्रमुख घटक मानवी मेलेनोमाच्या पेशींवर वापरला असता त्या पेशी नष्ट होत असल्याचे दाखविले. २०१० साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उंदरांच्या त्वचेखालील अर्बुदांवर दहा टक्के टी ट्री तेल बाहेरून लावले, तेव्हा अर्बुदांची वाढ मंदावली. मात्र त्यांनी ते तेल डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रवात मिसळले होते. औषध त्वचेतून आत नेण्याचे विशेष सामर्थ्य या द्रवात आहे. दुकानातून आणलेल्या बाटलीत हे माध्यम नसते.

चंदन तेलावरील कार्य आपणास अधिक जवळचे आहे. अमेरिकेतील साऊथ डकोटा स्टेट विद्यापीठात डॉ. चंद्रधर द्विवेदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ पासून या विषयावर निबंध प्रसिद्ध केले. रासायनिक द्रव्ये लावून उंदरांच्या त्वचेवर चामखिळीसारख्या गाठी उत्पन्न केल्या जातात. त्याआधी चंदन तेल लावले असता त्या गाठींचे प्रमाण घटले. पुढे चंदनातील अल्फा-सँटलॉल या घटकाचाही असाच परिणाम त्यांना आढळला. येथे हे ध्यानात घ्यावे की हे प्रयोग मुख्यतः प्रतिबंधाचे आहेत. झालेला कर्करोग बरा झाला, असा त्यांचा अर्थ नाही.

पेशीपासून रुग्णापर्यंतचे अंतर

काचेच्या तबकडीत पेशी उघड्या असतात आणि तेल त्यांना थेट भिडते. उडनशील तेलांतील अंश पेशींच्या स्निग्ध आवरणात शिरून ते विस्कळीत करतात, त्यामुळे पुरेशा तीव्रतेत ती पुष्कळ प्रकारच्या पेशी मारतात, निरोगी पेशीसुद्धा. रुग्णाच्या बाबतीत मात्र मधे त्वचेचा बाह्य थर असतो, तेलाचा मोठा भाग हवेत उडून जातो आणि अर्बुदाची मुळे खोलवर पसरलेली असतात. उंदराची त्वचाही मानवी त्वचेपेक्षा पुष्कळ पातळ असते.

हे अंतर किती मोठे आहे याचे एक उदाहरण देतो. पेरिलिल अल्कोहोल हा काही सुगंधी तेलांत आढळणारा घटक प्राण्यांमध्ये फार आशादायक ठरला होता. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात उन्हाने बिघडलेल्या मानवी त्वचेवर त्याचे मलम तीन महिने लावून पाहिले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत परिणाम अल्पच दिसला आणि औषध त्वचेत पुरेसे पोहोचत नसावे असा संशोधकांचा अभिप्राय पडला.

दुसरे उदाहरण स्नुहीच्या कुळातील आहे. युफोर्बिया पेप्लस या लहान क्षुपाचा चीक पाश्चात्य लोकव्यवहारात त्वचेवरील डागांवर लावला जात असे. त्यातील इंजेनॉल मेब्युटेट या घटकापासून औषध तयार झाले, रीतसर चाचण्या झाल्या आणि २०१२ साली अमेरिकेत कर्करोगपूर्व अवस्थेसाठी त्यास मान्यताही मिळाली. परंतु दीर्घकाळ पाहणी केल्यावर, ते लावलेल्या भागात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याची शंका आली आणि २०२० साली युरोपात ते मागे घेण्यात आले. वनस्पतिजन्य असणे म्हणजे निरुपद्रवी असणे नव्हे, हे या उदाहरणातून स्पष्ट होते. चाचण्यांमधून तावून निघालेल्या औषधाची ही कथा, तर जी तेले रुग्णांवर तपासलीच गेली नाहीत त्यांविषयी आपण किती सावध असावे, याचा विचार सुज्ञ वाचकांनी करावा.

शास्त्राची दृष्टी

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात अर्बुदाची लक्षणे व साध्यासाध्यता वर्णन केलेली आहे, तर चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात त्याची चिकित्सा. तेथे शस्त्र, क्षार व अग्नी यांना स्थान आहे, आणि एक स्पष्ट इशाराही आहे. दोषांचा काही अंश शेष राहिल्यास अर्बुद पुन्हा त्वरेने उत्पन्न होते, म्हणून ते निःशेष काढावे, असा आचार्यांचा अभिप्राय आहे.

आमच्या मते या विषयाचे मर्म याच इशाऱ्यात आहे. बाहेरून लावलेले कोणतेही तीक्ष्ण द्रव्य अर्बुदाचा वरचा भाग नष्ट करू शकते. वरून खपली धरते, व्रण भरतो, रुग्ण आनंदतो; आणि खाली शेष राहिलेला अंश वाढतच राहतो. पाश्चात्य देशांत 'काळे मलम' या नावाने विकल्या जाणाऱ्या दाहक लेपाने नेमके हेच घडल्याचे अनेक वृत्तान्त प्रसिद्ध आहेत. वरची त्वचा भरलेली असताना खाली कर्करोग पसरलेला आढळला. आमच्या रुग्णेच्या बाबतीतही वरून भरलेला व्रणच आम्हांस फसवून गेला. अर्बुद निःशेष निघाले की नाही, हे डोळ्यांनी समजत नाही. काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच ते समजते. हे साधन आज उपलब्ध असताना ते टाळून तेलावर विसंबणे आधुनिक वैद्यकाच्या विरुद्ध आहेच, ते सुश्रुताचार्यांच्या अभिप्रायाच्याही विरुद्ध आहे.

मग तेलांचे स्थान कोणते?

याचा अर्थ सुगंधी द्रव्यांना या व्याधीत स्थानच नाही असा नव्हे. ज्यांचा कर्करोग त्वचेवर फुटून व्रण झालेला आहे आणि जो आता पूर्ण बरा होण्याजोगा नाही, अशा रुग्णांचे सर्वांत मोठे दुःख अनेकदा वेदना हे नसून दुर्गंध हे असते. घरचे लोक खोलीत बसेनासे होतात, नातवंडे जवळ येत नाहीत, रुग्ण स्वतः जेवण टाकतो. येथे आपले साहाय्य खरोखर मोलाचे ठरू शकते.

१९८७ साली केरळातील अमला कर्करोग संशोधन केंद्रातील कुट्टन व सहकाऱ्यांनी बाह्य कर्करोगव्रण असलेल्या बासष्ट रुग्णांवर हरिद्रेचा अर्क व कर्क्युमिनचे मलम वापरले. नव्वद टक्के रुग्णांत दुर्गंध कमी झाला, जवळजवळ सर्वांची कंडू शमली आणि सत्तर टक्क्यांत स्राव घटून व्रण कोरडा झाला. अर्बुदाचा आकार व वेदना मात्र सुमारे दहा टक्के रुग्णांतच कमी झाल्या. हे आकडे नीट वाचावेत. दुर्गंध व कंडूवरील लाभ मोठा आहे, अर्बुदावरील लाभ अल्प आहे. पुढे २००६ साली जर्मनीतील वैद्यकांनी मुख व मान यांच्या असाध्य कर्करोगाच्या तीस रुग्णांत नीलगिरीप्रधान सुगंधी तेलांच्या मिश्रणाने व्रण धुतले असता थोड्याच दिवसांत दुर्गंध नाहीसा झाल्याचे नोंदविले. त्यांनी प्रतिजैविकेही सोबत दिली होती, हे विसरता कामा नये. हे दोन्ही प्रयोग लहान आहेत व त्यांत तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. तथापि त्यांची दिशा आपल्या शास्त्राशी जुळणारी आहे. व्रणाच्या साठ उपक्रमांत सुश्रुताचार्यांनी धूपनाचा समावेश केलेला आहेच. गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड, सर्षप व निंबपत्र यांच्या धूपात हेच उडनशील अंश कार्य करीत असतात.

व्यवहारात आम्ही पुढील मर्यादा पाळतो. चिकित्सा करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञास कळविल्यावाचून काहीही लावीत नाही. दुर्गंधासाठी त्यांनी मेट्रोनिडाझोल किंवा अन्य औषध दिले असल्यास ते चालू ठेवतो. उघड्या व्रणात उडनशील तेल थेट घालीत नाही; पट्टीच्या बाहेरील घडीवर एखादा थेंब किंवा खोलीत सौम्य धूपन एवढ्यावर भागवितो. श्वासाचा विकार असलेल्या रुग्णाजवळ धूर करीत नाही. किरणोपचार चालू असताना त्या भागावर कोणतेही तेल लावू नये असे रुग्णास स्पष्ट सांगतो.

अपायांविषयी

जुनी, उघडी राहिलेली तेले हवेशी संयोग पावून बदलतात आणि त्यांमुळे त्वचेस विसर्पासारखा दाह होऊ शकतो. टी ट्री तेलाच्या बाबतीत हे विशेष आढळते. लिंबूवर्गीय फळांच्या सालींतून दाबून काढलेली काही तेले लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते, कारण त्यांत प्रकाशाने उद्दीपित होणारे घटक असतात. येथे आपल्या नित्याच्या बाकुचीचेही स्मरण ठेवावे. ती सुगंधी तेलांत मोडत नाही, परंतु तिच्यातील सोरालेन याच वर्गातील आहे. सोरालेन व अतिनील किरण यांची चिकित्सा अनेक वर्षे घेतलेल्या सोरायसिसच्या रुग्णांत शल्कपेशी कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. श्वित्रात बाकुची वापरताना मात्रा, उन्हाचा काळ व चिकित्सेची एकूण मुदत यांची नोंद ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.

केव्हा पाठवावे?

चार आठवड्यांत न भरणारा किंवा भरून पुन्हा फुटणारा व्रण, कठीण व उंच कडा, सहज रक्तस्राव, भाजल्याच्या जुन्या वणावर नव्याने झालेली गाठ, कमरेच्या काळपट जाड त्वचेवरील चीर, चेहऱ्यावरील मोत्यासारखी चकाकणारी व मध्ये खोलगट गाठ, आकार, रंग वा कडा बदलणारा तीळ, तळपायावर किंवा नखाखाली वाढणारा काळा डाग. यांपैकी काहीही दिसल्यास प्रथम तुकडा तपासणी, नंतर चिकित्सा. आमच्या पेठेतून ससून रुग्णालय दूर नाही. पत्रात व्रणाचा काळ, लांबी-रुंदी व पूर्वी लावलेली सर्व द्रव्ये लिहून द्यावीत. रुग्ण पाठविल्याने वैद्याची प्रतिष्ठा घटते ही समजूत आता सोडावी. आमचा अनुभव उलट आहे, असा रुग्ण पुढे कुटुंबासह आपल्याकडेच येतो.

नऊवारी किंवा परकर वापरणाऱ्या स्त्रियांस, तसेच धोतर नेसणाऱ्या पुरुषांस, गाठ सैल बांधावी, तिची जागा बदलत राहावी, बारीक नाड्याऐवजी रुंद पट्टा वापरावा व कमरेची त्वचा कोरडी ठेवावी, एवढे सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. तपासणी करताना कमर पाहण्याची सवयही आपण लावून घ्यावी.

औषधालय चालक बंधूंस

कर्करोग बरा करण्याच्या दाव्यासह कोणत्याही औषधाची जाहिरात करणे औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार निषिद्ध आहे. त्याच्या परिशिष्टात कर्करोगाचा स्पष्ट निर्देश आहे. दुकानातील फलक, चिठ्ठी वा बाटलीवर चिकटवलेला कागद यांबाबतही याचे भान ठेवावे. सुगंधी तेले घेताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव, घाणी क्रमांक, निर्मितीचा दिनांक व शक्य असल्यास विश्लेषणाचा अहवाल मागावा. चंदनासारख्या महाग तेलांत भेसळ फार असते. तेले गडद काचेत, घट्ट बुचात, थंड जागी ठेवावीत. आणि एखादे गिऱ्हाईक न भरणाऱ्या जखमेसाठी तेल मागू लागले, तर ती जखम किती दिवसांची आहे, एवढे अवश्य विचारावे. महिन्याहून अधिक काळाची असल्यास बाटली न देता वैद्याकडे पाठवावे. त्या एका विक्रीचे नुकसान सोसावे, ही विनंती.

उद्या या तेलांतून एखादे गुणकारी औषध निघणारच नाही असे आम्ही म्हणत नाही. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन मिळाले, हे आपण सारे जाणतो. परंतु ते सदाफुलीचा पाला लावून नव्हे, तर घटक वेगळा काढून, मात्रा ठरवून, रुग्णांवर तपासून मिळाले. तोवर सुगंधी तेल हे रुग्णाच्या सुखासाठीचे साहाय्य आहे, अर्बुदाची चिकित्सा नव्हे. हा विवेक आपण वेळीच ठेवला असता तर मंडईतील त्या रुग्णेचा मोलाचा काळ वाया गेला नसता. वैद्यबंधू-भगिनींनी आपापले अनुभव, विशेषतः चुकलेल्या निदानांचे, अवश्य कळवावेत. त्यांतून आपण सर्वच शिकू. इत्यलम्.